जळगाव ते लंडन : विमानाचे दहा तास सोडा, ठाण्याचे बोला

मुंबई-लंडन सरळ अंतर सुमारे 7,200 किमी, विमान ताशी 900 च्या आसपास पळतं, म्हणजे आठ तास असा माझा हिशोब होता. तिकिटावर बघितलं तर दुपारी 1:15 ला निघून 5:45 ला पोच. नानांनी बोटं मोजली आणि म्हणाले, "साडेचार तास? मंग लंडन तर मुंबईपेक्षा जवय शे रे भाऊ!" दोघंही चुकलो. तिकिटावर दोन्हीकडची लोकल वेळ असते आणि जानेवारीत लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे खरे दहा तास. जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो, विमान सरळ रेषेत जात नाही, वर धावपट्टीवर रांगेत उभं राहतं. येताना तोच वारा मागून, नऊच्या आसपास लागतात.

पण माझी वाट लागली ती विमानाने नाही, रेल्वेने. जळगाव-मुंबई 420 किमी. रात्री साडेदहाला घर सोडलं, गाडी सकाळी सहाला ठाण्यात टेकणार होती, ती इगतपुरीच्या अलीकडे जी उभी राहिली ती राहिलीच, ठाण्यात उतरलो तेव्हा नऊ वाजून गेलेले. 23 किलोच्या दोन बॅगा, एकीत लंडनच्या ताईसाठी खोकाभर बिबड्या (ज्वारीचे पापड) आणि उडदाचे पापड, तो खोका मी रात्रभर उशाशी धरून झोपलेलो.

स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याने एअरपोर्टचे 1,900 सांगितले. टाइम नव्हता, बसलो. उतरताना बॅगेचे 200 वेगळे आणि "मुलुंड टोल" वेगळा! अरे, मुंबईच्या एंट्रीचे टोल छोट्या गाड्यांना ऑक्टोबर 2024 पासून माफ आहेत. मी पावती मागितली तर म्हणे मशीन बंद. भांडायला वेळ नव्हता, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. 11:20 ला आत, काउंटर बंद व्हायला तासही नव्हता.

तर विमानाच्या दिवशी पोचणारी रात्रीची गाडी धरूच नका, आदल्या दिवशी मुंबईत जाऊन पडा. एकच बॅग असेल तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने मरोळ नाका, मग भुयारी मेट्रोने एकच स्टेशन, थेट टर्मिनल 2. दोन मोठ्या बॅगा घेऊन सकाळच्या लोकलमध्ये चढायचं मात्र विसरा, तिथे टॅक्सीच, पण अ‍ॅपवरून, आणि टोल मागितला तर नाही म्हणा. तूप, पेढे अजिबात नेऊ नका, दुधाचे-मांसाचे पदार्थ तिकडे चालत नाहीत.

विमानात काही विशेष नाही, झोपलो. लंडनच्या हिथ्रो विमानतळाहून पिकॅडिली लाईन ही तिथली मेट्रो स्वस्त, हिथ्रो एक्सप्रेस ही ट्रेन शहरातल्या पॅडिंग्टन स्टेशनला 15 मिनिटांत नेते पण महाग, घाई नसेल तर कशाला. ताईच्या दारात पोचलो तेव्हा तिथे रात्रीचे आठ, जळगावात दीड. घर ते घर 27 तास, त्यातले 13 तर मुंबईत एअरपोर्टच्या दारात उतरेपर्यंतच गेले. बिबड्यांचा चुरा झाला होता, ताईने तो शेंगदाणे आणि कांद्याबरोबर उभ्याउभ्याच संपवला.

परतीचं रेल्वे तिकीटही त्याच रात्रीचं काढू नका. मी काढलं होतं. बॅगा पट्ट्यावर यायला सव्वा तास लागला, गाडी गेली, आणि पुढच्या गाडीच्या जनरल डब्यात नाशिकपर्यंत उभा.