गेटबाहेरचा जेसीबी

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या त्या जुन्या ऑफिसच्या भिंतीवर कमरेच्या उंचीला एक तपकिरी रेघ आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुराची. दोनदा रंग दिला तरी ती पुन्हा वर येते. त्या रेघेखाली, टेबलाच्या शेजारी, तेव्हा फाऊंड्रीचा, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याचा, सर्व्हर होता. त्यांच्या कॉम्प्युटरचं काम आमच्याकडे, त्यामुळे पाणी ओसरल्यावर त्याचं झाकण मी स्वतः उघडलं. आत बोटभर गाळ होता. बॅकअपची डिस्क त्याच कपाटाच्या खालच्या खणात ठेवलेली होती.

नवा सर्व्हर पहिल्या मजल्यावर बसवला. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. सर्व्हर कोरडा राहिला, पण गल्लीतली वीज गेली आणि शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. कारखाना शिरोली एमआयडीसीत, हिशेब शाहूपुरीत आणि मधे पंचगंगा. मालाची सगळी माहिती सहीसलामत होती आणि तिच्यापर्यंत कुणालाच पोचता येत नव्हतं. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या सर्व्हरवर, जायचं त्यांनी त्या आठवड्यात मनावर घेतलं. प्रत्यक्षात जायला पुढची काही वर्षं गेली.

मुख्य अडचण पैशांची नव्हती, पैसे देण्याच्या पद्धतीची होती. ‘‘मॅडम, सोताचं घर असताना भाड्यानं कशाला ऱ्हायाचं?’’ असं अण्णा दर बैठकीत विचारायचे. या प्रश्नाला अडाणीपणा म्हणणारे सल्लागार मी पाहिलेत आणि मला त्यांचा राग येतो. कास्टिंगच्या धंद्यात ऑर्डर कधी आटेल याचा भरवसा नाही. एकदा घेतलेला सर्व्हर मंदीत गपगुमान चालत राहतो, क्लाउडचं बिल मात्र दर महिन्याला दारात उभं. चाचणीसाठी क्लाउडवर भाड्यानं घेतलेलं एक मशीन आमच्याकडून महिनाभर रात्रंदिवस चालू राहिलं, तेव्हा पहिल्याच बिलानं त्यांचं म्हणणं खरं ठरवलं. त्यानंतर रात्री आठला अशी मशीनं आपोआप बंद होतील अशी सोय केली.

सीएंचा प्रश्न वेगळा होता: डेटा राहणार कुठे? कंपनी कायद्याच्या नियमांत २०२२ साली झालेल्या बदलानुसार हिशेबाच्या वह्यांचा बॅकअप रोजच्या रोज भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावा लागतो. आम्ही मुंबईचं केंद्र निवडलं आणि तो विषय मिटला. पॅटर्नची (साचा करायच्या नमुन्यांची) ड्रॉइंग्ज आणि टेस्ट सर्टिफिकेटं मिळून चारशे जीबी होती, अपलोडचा वेग वीस एमबीपीएस. म्हणजे सलग चव्वेचाळीस तास. दिवसा लाइन अडवून चालणार नव्हतं, म्हणून पाच रात्री घातल्या.

मंगळवारी रात्री जुनी सिस्टीम बंद केली. बुधवारी सकाळी आठला नवी सुरू झाली आणि साडेअकरापर्यंत सगळं सुरळीत होतं. मग डिस्पॅचचा मुलगा धावत आला. ‘‘मॅडम, चाक नुसतंच फिरतंय.’’

कारखान्याला दोन कंपन्यांच्या दोन इंटरनेट लाइनी होत्या. एक गेली तर दुसरी, असं मी अण्णांना कागदावर काढून दाखवलं होतं. गेटबाहेर गेले. पाण्याच्या पाइपलाइनसाठी जेसीबी चर खणत होता. खोऱ्याच्या दातांत काळी केबल लोंबत होती आणि तिच्या शेजारी दुसरीही. दोन कंपन्या, दोन बिलं, दोन करार, आणि दोन्ही फायबर एकाच चरातून आत आलेले. लाइन घेताना मी एकदा गेटबाहेर चालत जाऊन बघायला हवं होतं. मुंबईतलं डेटा सेंटर किती भक्कम आहे याची मी तासभर माहिती दिली होती, शेवटच्या दोनशे मीटरवर कुणीच नजर टाकली नव्हती.

आवारात तीन गाड्या भरून उभ्या होत्या. वजनकाट्याचं काम थांबलं नाही. काट्याचा इंडिकेटर जुन्या सिरीयल केबलनं केबिनमधल्या कॉम्प्युटरला जोडलेला आहे, तो काही क्लाउडवर नेता येत नाही. म्हणून वजनं आधी तिथेच साठतील आणि लाइन असेल तशी वर जातील असं आम्ही करून ठेवलं होतं. पण बिल निघेना. पाच कोटींवर उलाढाल असेल तर १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. आधी सरकारी पोर्टलवरून नंबर यायला हवा, मगच गाडी हलणार.

‘‘मोबाइलचं नेट जोडा की,’’ अण्णा म्हणाले. जोडलं. सिस्टीमनं दार उघडलं नाही. सुरक्षेसाठी आम्हीच नियम घातला होता की फक्त कारखान्याच्या ठरलेल्या आयपी पत्त्यावरूनच, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या नंबरावरूनच, आत येता येईल. तो नियम बदलायला ॲडमिन खातं उघडायला हवं, आणि त्याचा सहा आकडी कोड माझ्या सहकाऱ्याच्या फोनवर. तो त्या सकाळी रत्नागिरीला निघालेला, आंबा घाटात. रेंज नाही.

त्या पाऊण तासात काम केलं ते अकाउंटच्या काकांनी. अडतीस वर्षं याच कारखान्यात. या बदलाला त्यांचा उघड विरोध होता आणि तो चुकीचा आहे असं मला वाटायचं. त्यांनी कपाटातून छापील चलन-बुक काढलं, कार्बन सरळ केला आणि आदल्या संध्याकाळी स्वतः छापून ठेवलेला डिस्पॅच प्लॅन समोर घेतला. ‘‘पोरी, गोकुळ शिरगावची गाडी जॉबवर्कची. तिला बिल नको, चलन चालतंय. ती जाऊ दे आधी.’’ मशिनिंगला जाणारी ती गाडी बाराच्या आत गेटबाहेर पडली.

साखरप्याला पोचल्यावर सहकाऱ्याचा फोन लागला. त्यानं सहा आकडे वाचले, मी टाइप करेपर्यंत तीस सेकंद उलटून कोड बदललेला. दुसऱ्यांदा तेच झालं. तिसऱ्यांदा काकांनी आकडे ऐकून मोठ्यानं म्हटले आणि मी फक्त बोटं चालवली. खातं उघडलं. मोबाइलचा पत्ता सारखा बदलतो, त्यामुळे तो नियमात घालून उपयोग नव्हता. डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर व्हीपीएन, म्हणजे कुठल्याही नेटवरून सुरक्षितपणे आत नेणारी वाट, बसवला. सव्वा वाजता पुण्याच्या पहिल्या गाडीचं बिल निघालं, दीडला दुसरीचं.

अण्णा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘पूर आला तर ही केबल काय करणार?’’ तिसरी लाइन मागच्या बाजूनं, टॉवरवरून, वायरलेस घ्यायची असं तिथेच ठरलं. ॲडमिनचा कोड दोन माणसांच्या फोनवर ठेवायचा आणि त्यातला एक फोन कारखान्याच्या माणसाचाच हवा, असा आग्रह मी धरला. चावी आमच्या खिशात आणि घर त्यांचं, हे बरोबर नव्हतं.

संध्याकाळी सातला केबल जोडली गेली. काट्यावर साठलेली सतरा वजनं एकेक करून वर जाऊ लागली. काका चष्मा पुसून स्क्रीनजवळ बसले. वजन वर गेलं की काट्यावरच्या हातानं लिहिलेल्या वहीतल्या आकड्यावर टिचकी मारायचे आणि पेन्सिलीनं खूण करायचे. सतरावी खूण झाल्यावर वही मिटली.

‘‘जुळलं,’’ ते म्हणाले आणि उद्याचा डिस्पॅच प्लॅन छापायला उठले.