तुम्ही विचारलंत म्हणून: शेवटी ओटाच का?

"पाच वर्षं आर्किटेक्चर शिकलीस आणि काढलंस काय, तर ओटा, अंगण आणि कडुनिंब?" हे मला मामा विचारतात, ज्युरीला, म्हणजे आमची प्रोजेक्ट तपासायला, बाहेरून आलेले आर्किटेक्ट विचारतात, आईच्या ऑफिसातल्या मैत्रिणीही विचारतात. कॉलेजातले ज्युनिअर तेच जरा आदबीनं विचारतात, "ताई, तुमच्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये तुमचीच गल्ली का येते?" आजवर मी हसून "आवडतं म्हणून" इतकंच सांगायचे. ते खरं आहे, पण पुरेसं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून नीट लिहिते.

सुरुवात उन्हापासून करावी लागेल, कारण नागपुरात घराचा पहिला नकाशा ऊनच काढतं. आपलं शहर 21 अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकत सरकत 23 अंशांच्याही पुढे जातो, म्हणजे वाटेत तो बरोबर आपल्या डोक्यावर येतो. 26 मेच्या आसपास भरदुपारी उभ्या माणसाची सावली त्याच्या पायाखाली जाते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत दक्षिणेच्या भिंतीला थेट ऊन जवळजवळ लागतच नाही. भाजून निघतं ते छत, आणि पूर्व-पश्चिमेच्या भिंती. त्यातही पश्चिमेची भिंत वाईट. चार वाजताचं ऊन इतकं तिरपं येतं की खिडकीवर कितीही रुंद छज्जा काढा, ते त्याच्या खालून आत शिरतं. दक्षिणेला मात्र दोन फुटांचा साधा छज्जा वर्षभर काम करतो. डिसेंबरात सूर्य दुपारीही 45 अंशांवरच असतो, तेव्हा तोच छज्जा हवंहवंसं ऊन घरात येऊ देतो.

पश्चिमेला मग काय करायचं? काच लावून एसी बसवला, तर आतली उष्णता बाहेर गल्लीत ढकलली जाते, म्हणजे शेजाऱ्याच्या खिडकीत. मी तिथे कडुनिंब लावते. त्याची पानं उन्हाळा तापायच्या आधी झडतात आणि गुढीपाडव्याच्या सुमारास कोवळी पालवी फुटते. मे उजाडेपर्यंत झाड दाट झालेलं असतं, नेमकं आपल्याला हवं तेव्हा. पश्चिमेच्या भिंतीपुढे असं एक झाड असलं की त्या खोलीतल्या कूलरलाही काही अर्थ उरतो. शीटवरचं, म्हणजे नकाशाच्या कागदावरचं, माझं झाड सजावटीला काढलेलं नसतं. त्याची जागा आणि वीस वर्षांनंतरचा घेर धरून मी सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यावर आत दिसेल ते चित्र, काढते.

आता ओटा. हे मला पुस्तकात सापडलं नाही, गल्लीत बसून कळलं. आमचं जुनं घर पाचपावली भागात आहे आणि गल्ली उत्तर-दक्षिण. एका बाजूच्या घरांची तोंडं पूर्वेला, समोरच्यांची पश्चिमेला. सकाळी पश्चिमेला तोंड असलेल्या घरांचे ओटे सावलीत असतात, कारण त्यांचंच घर त्यांच्यावर सावली धरतं. दुपार कलली की सावली गल्ली ओलांडून समोरच्या ओट्यांवर जाते. म्हणून सकाळी भाजी निवडायला बाया एका बाजूला बसतात आणि संध्याकाळी सगळी बैठक दुसऱ्या बाजूला जाते. म्हणजे प्रत्येक घराला दिवसातून एकदा समोरच्याच्या ओट्याची गरज पडते आणि एकदा आपला ओटा द्यावा लागतो. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी उपकार मानत नाही. ही सोय कुणी ठरवून केलेली नाही. उत्तर-दक्षिण गल्ली, दीड फूट उंचीचा ओटा आणि नागपूरचं ऊन, एवढ्यावर ती चालते.

हे दिसलं त्या दिवसापासून माझ्यासाठी निसर्ग, शेजार आणि मी कोण, हे तीन वेगळे विषय राहिले नाहीत. कॉलेजात प्रोजेक्टची कल्पना मांडताना त्यांचे तीन रकाने करायला सांगतात. मला ते करता येत नाहीत. त्या ओट्यावरची सावली हा निसर्ग आहे, तिच्यामागे सरकणारी माणसं हा शेजार आहे, आणि त्या माणसांत वाढलेली मुलगी मी आहे. एक काढून घेतलं तर बाकीचे दोन उभे राहत नाहीत.

'मी कोण' हे जरा खोलात सांगते, कारण 'आयडेंटिटी' हा शब्द आमच्या ज्युरीत फार ऐकू येतो. आम्ही कोष्टी. आजोबा मागावर बसायचे. खड्ड्याच्या मागावर विणकर जमिनीच्या पातळीला बसतो आणि त्याचे पाय खाली खड्ड्यात, पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर, असतात. जमिनीतली ओल सुताला मिळते, म्हणून सूत कोरडं पडून तटातट तुटत नाही. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा खड्डा म्हणजे हवामान ओळखून केलेली वास्तुरचनाच होती. सुताला लागेल तेवढा गारवा आणि ओलावा, विजेशिवाय, जमिनीतून घेतलेला.

आणि गल्ली? ती रस्ता नंतर होती, आधी कारखाना होती. ताण्याचं, म्हणजे कापडातल्या उभ्या धाग्यांचं, सूत गल्लीभर लांब ताणायचं, त्याला खळ लावायची, कुंचा फिरवून धागे सारखे करायचे आणि ऊन चढायच्या आत आवरायचं. याला पांजण म्हणतात. पांजण एकट्या घराचं काम नव्हे. एकाचा ताणा निघाला की चार घरची माणसं हात लावायला येत, कारण उद्या त्यांचा निघणार. आमच्या गल्लीची लांबी, तिचा सरळपणा, ओट्यांची सलग रांग हे सगळं सुताच्या मापानं झालेलं आहे, असं आजोबा सांगायचे. आज तिथे क्वचितच कुणाच्या घरी माग आहे. आमच्या घरातला खड्डा बुजवून वर टाइल्स बसल्या, त्यालाही बरीच वर्षं झाली. गल्लीचं माप मात्र तेच राहिलं आहे.

म्हणून ज्युरीत कुणी म्हणालं, "तुमची ओळख दिसू द्या, लुगड्याच्या काठाची नक्षी दर्शनी जाळीत आणा," की मी नम्रपणे नाही म्हणते. नक्षी सुंदर आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण नुसती नक्षी उचलली की माणसं मागे राहतात. नागपुरात याचं मोठं उदाहरण डोळ्यांपुढे आहे. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल ही कापड गिरणी 1 जानेवारी 1877 ला इथे सुरू झाली. कितीतरी घरं तिच्या भोंग्यावर चालली. मिल बंद पडली आणि त्या जागेवर मॉल उभा राहिला. मॉलच्या नावात एम्प्रेस आहे. मिलमध्ये ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना कामाशिवाय, खरेदीशिवाय घटकाभर टेकायला तिथे काय आहे, हे मी प्रत्येक वेळी शोधते. नाव टिकवणं आणि माणसांची जागा टिकवणं यांत मी दुसरं निवडीन.

"मग जुनं ते सोनं म्हणून घरं जशीच्या तशी ठेवायची का?" असंही विचारतात. अजिबात नाही. आमच्या जुन्या घरात मधल्या खोलीला खिडकी नव्हती, आजी धुरात स्वयंपाक करायची आणि संडास गल्लीच्या टोकाला होता. ते परत कुणाला नको आहे, मलाही नको. शिकण्याचा उपयोग इथेच होतो. ओट्यामागचं गणित कळलं की तो तीन मजली इमारतीतही बसवता येतो, जिन्याच्या पहिल्या वळणावर, गॅलरीच्या तोंडाशी, दोन घरांच्या दारांमध्ये.

आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींनी हे इंदूरला करून दाखवलंय. दोशींचा जन्म पुण्याचा, 1927 चा. 2018 मध्ये प्रित्झकर हे आर्किटेक्चरमधलं सर्वांत मानाचं पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय. त्यांच्या अरण्य वसाहतीत गरीब कुटुंबांना अख्खं घर न देता जोतं, पाणी, संडास आणि एखादी खोली दिली. पैसे हातात येतील तसं ज्यानं त्यानं वाढवायचं. नमुना म्हणून बांधलेल्या 80 घरांत ओटे आणि बाहेरचे जिने आहेत, आणि माणसं तिथे बसतात. आर्किटेक्चरचा आगाखान पुरस्कार त्या वसाहतीला 1995 मध्ये मिळाला, पण मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की लोकांनी पुढे जे वाढवलं त्यालाही त्या रचनेत जागा होती.

दुसरं नाव आफ्रिकेतलं. बुर्किना फासोमधल्या गांडो गावचे आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे. त्यांनी 2001 मध्ये आपल्याच गावात शाळा पूर्ण केली. विटा तिथल्याच मातीच्या, बांधणारे हात गावकऱ्यांचे. पत्र्याचं छत त्यांनी विटांच्या सच्छिद्र छतापासून वर उचलून धरलं, म्हणजे तापलेली हवा मधून वाहून जाते आणि वर्ग थंड राहतात. आपल्याकडे टिनाच्या छताखाली मे महिना काढणारी कितीतरी घरं आहेत. त्यांच्यासाठी गांडोची शाळा मला कुठल्याही उंच टॉवरपेक्षा जवळची वाटते.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी वस्त्यांत शिरली, ते तुम्हाला आठवत असेल. त्यानंतर आमच्या स्टुडिओत, म्हणजे कॉलेजातल्या डिझाइनच्या तासाला, नदीकाठचा विषय आला, तेव्हाही मी ओटाच काढला. आपल्या घरांनी नदीकडे पाठ केली आहे. मागच्या भिंती, मोऱ्या, कचरा हे सगळं तिच्या बाजूला. मी काठावर पायऱ्यापायऱ्यांचे ओटे दाखवले. खालचे पावसाळ्यात पाण्याला सोडून द्यायचे, वरचे एरवी बसायला, आणि राहती घरं त्याहून वर. रोज संध्याकाळी जिच्या काठावर आपण बसतो, त्या नदीत कचरा पडला तर आपल्याला दिसतो, पाणी चढू लागलं तरी दिसतं. या प्रोजेक्टबद्दल फार लिहीत नाही, तो अजून कच्चा आहे.

मला काळजी वाटते ती रस्त्यांची. सिमेंटचे रस्ते झाले तशी कितीतरी गल्ल्यांत रस्त्याची पातळी वर आली आणि ओटे खाली गेले. दीड फुटाचा ओटा अर्ध्या फुटाचा झाला की त्यावर म्हाताऱ्या माणसाला बसता-उठता येत नाही, आणि पावसाचं पाणी थेट उंबऱ्याशी येतं. रस्ता रुंद करायचा ठरला तरी पहिला बळी ओट्याचाच. नकाशावर तो 'मोकळी जागा' किंवा 'अडथळा' असतो. शीटवर त्याचं नाव, उंची, सावलीची वेळ लिहायची हट्टी सवय मी त्यासाठीच लावून घेतली. कागदावर ज्याची नोंद नाही ते तोडताना कुणाला काही वाटत नाही.

आजीला मी माझ्या शीट दाखवते. तिला प्लॅन, म्हणजे वरून पाहिलेला नकाशा, वाचता येत नाही, सेक्शन मात्र बरोबर कळतो, कारण त्यात माणसं असतात. एकदा एका वाचनालयाचा सेक्शन बघून ती म्हणाली, "समदं बरं हाय पोरी, पन इथं कोनाची वाट पाहाची असंल तं बसाले जागा कुठं हाय?" वाचनालयाच्या दारात आता एक लांब ओटा आहे, पूर्वेला, कारण मुलांना न्यायला आया संध्याकाळी येतात.

सध्या माझा थीसिस चालू आहे, आमच्याच भागातल्या विणकर गल्लीचा. नव्या घरांत तळमजल्याला खड्ड्याचा माग बसेल अशी एक सामायिक शेड, पांजणापुरती लांब आणि सरळ मोकळी गल्ली, पश्चिमेच्या कडेला कडुनिंबांची रांग. सूत ताणायचं नसेल तेव्हा तीच गल्ली लग्नाच्या पंगतीला आणि गणपतीला. हे सगळं मी गल्लीतल्या बायकांपुढे मांडलं. माग परत येईल यावर त्यांचा फारसा विश्वास नाही, आणि तो त्यांच्यावर लादायचा मला हक्क नाही. शेड त्यांना हवी आहे, शिलाई मशीनसाठी. शेजारच्या काकूंचा ओट्यालाच विरोध होता. "ओटा देशील तं लोकं त्यावर गाड्या चढवतीन," म्हणाल्या. दुसऱ्या दोघींना ओटा हवा, पण दोन घरांत मिळून एक, म्हणजे झाडायची पाळी लावता येईल. काकूंचं म्हणणं खरं आहे. म्हणून आता ओट्याची कड गाडीचं चाक चढणार नाही इतकी उंच आणि आजीला टेकता येईल इतकी खाली ठेवायची आहे. सध्या मी 16 ते 18 इंचांच्या मध्ये अडकले आहे, आणि बुधवारी त्या सगळ्यांना पुठ्ठ्याच्या खोक्यांवर बसवून बघणार आहे.