प्रेप झाली का?

कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी. तिच्या सूचनांच्या कागदावर पहिलीच ओळ होती, ‘आदल्या दिवसापासून प्रेप’. नेटवर नुसता ‘प्रेप’ टाकला, तर आधी एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळ्या आल्या. अमेरिकेत त्यांना या कामासाठी २०१२ मध्ये मंजुरी मिळालेली. खाली इंग्लंडमधल्या प्रेप शाळा, म्हणजे पुढच्या खासगी शाळांसाठी मुलांची तयारी करून घेणाऱ्या. तिथल्या वसतिगृहांत संध्याकाळच्या अभ्यासालाही प्रेपच म्हणतात. माझी प्रेप यातली कुठलीच नव्हती. मला मोठं आतडं धुऊन काढायचं होतं.

बिया, सालं, कोंडा आधीच बंद केलेलं. लोहाच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारून थांबवल्या. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसेल असं पातळ, तेही लाल-जांभळं नको, कारण आत तो रंग रक्तासारखा दिसतो. पॉलिएथिलीन ग्लायकॉलची पावडर पाण्यात विरघळवून अर्धं संध्याकाळी प्यायचं, अर्धं पहाटे उठून. तपासणीच्या दोन तास आधी सगळं संपलेलं हवं. चव खारट, वर एक बुळबुळीतपणा. पहिला ग्लास जातो, तिसऱ्याला वासानेच उमासे येतात. फ्रीजमध्ये गार करून स्ट्रॉने प्यायलं की जरा सुसह्य होतं. हे औषध अंगात शोषलं जात नाही, पाणी आतड्यातच धरून ठेवतं आणि सगळं वाहून नेतं. त्यानंतरच्या तासांचं वर्णन नको. मोबाइल चार्ज करून ठेवा, एवढंच सांगतो.

सकाळी सिस्टरने विचारलं, “प्रेप झाली का?”

“हो.”

“शेवटी रंग कसा होता?”

“पिवळसर, पाण्यासारखा.”

“मग झाली.”

शेजारच्या कॉटवर हर्नियाच्या ऑपरेशनचे काका होते. त्यांनाही तोच प्रश्न. “रात्रीपासून उपाशी आहे की!” म्हणाले. सिस्टर हसली. “तसं नाही काका, पोटावरचे केस काढले का?” नंतर थिएटरमध्ये त्याच पोटाला जंतुनाशक लावतात, तीही प्रेपच.

तपासणी गुंगीतच उरकली. रिपोर्टमध्ये स्वच्छतेचे चक्क गुण होते. बोस्टन स्केल म्हणतात त्याला. आतड्याचे तीन भाग, प्रत्येकाला शून्य ते तीन. एकूण निदान सहा हवेत आणि कुठल्याही भागाला दोनाच्या खाली चालत नाही. मला नऊपैकी आठ, उजव्या बाजूला एक गेला. पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी) नाहीत, ही ओळ मी त्यानंतर वाचली.