‘उपाशीपोटी या’ एवढंच सांगितलं होतं

पीसीओएसचं, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याच्या त्रासाचं, निदान व्हायला मला काहीच त्रास झाला नाही. सोनोग्राफी, थायरॉइड, प्रोलॅक्टिन सगळं आठवड्याभरात उरकलं. अडकले ती पुढच्या ग्लुकोज आणि इन्सुलिनच्या तपासणीत. दोन महिने होऊन गेले तरी त्या लॅबचा राग डोक्यातून जात नाही, म्हणून लिहून काढतेय.

पाळी लांबायला लागली आणि वजन 68 वर गेलं, तेव्हा मी सगळ्यात आधी साखर सोडली होती. चहात शुगर-फ्री गोळ्या, ऑफिसात डाएट कोल्ड्रिंक, संध्याकाळी ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेली बिस्किटं. आई गोळी उकळत्या चहातच टाकायची. गोळीतलं गोड द्रव्य, ॲस्पार्टेम, जास्त वेळ उकळलं की त्याची गोडी उतरते, हे आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. चहा गोड लागला नाही की ती आणखी एक टाकायची. असं करता करता दिवसाच्या नऊ गोळ्या झाल्या. एकदा म्हणाली, “किती गोळ्या खाऊन राहिली तू? त्यानंच तर पाळी नाही थांबली?”

तोच प्रश्न मी नागपूरच्या धंतोलीतल्या माझ्या डॉक्टर मॅडमना विचारला. त्यांनी डबी हातात घेतली, एका गोळीत 18 मिलिग्रॅम ॲस्पार्टेम आहे ते वाचलं आणि हिशोब मांडून दाखवला. रोजची मर्यादा वजनाच्या दर किलोला 40 मिलिग्रॅम, म्हणजे माझ्यासाठी 2720. नऊ गोळ्यांचे होतात 162. “भीती काढून टाका,” म्हणाल्या, “पण यानं वजन उतरेल ही आशाही काढून टाका.” जागतिक आरोग्य संघटनेनं मे 2023 मध्ये हेच सांगितलंय, की वजन आटोक्यात ठेवायला साखरेऐवजीच्या या गोडव्यांचा आधार घेऊ नका. 2022 मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी निरोगी माणसांना दोन आठवडे असे गोडवे दिले. सॅकरिन आणि सुक्रालोज घेणाऱ्यांचा ग्लुकोजला मिळणारा प्रतिसाद बदलला, तोही माणसागणिक वेगळा. पीसीओएसच्या बायकांवर थेट अभ्यास फार थोडे आहेत, त्यामुळे पाळीचं खापर गोळीवर फोडता येणार नाही, असं त्या म्हणाल्या. आपल्या पीसीओएसवाल्यांत बहुतेकींचा खरा घोळ इन्सुलिनचा. शरीर त्याला दाद देत नाही, मग ते जास्त तयार होतं आणि अंडाशयाला जास्त पुरुषी हार्मोन बनवायला लावतं. म्हणून आधी तपासणी.

लॅबला फोन केला. “उपाशीपोटी या,” एवढंच सांगून ठेवून दिला.

मी सकाळी सहाला चहा घेतला, दुधाचा, गोळी घालून. साखर नाही म्हणजे उपाशीच, असं मी मनापासून धरून चालले होते. मेट्रोनं पोचले, पाऊण तास रांगेत बसले, आणि काउंटरवरच्या मुलीनं विचारल्यावर खरं ते सांगितलं. “मग आज नाही होणार मॅडम, उद्या या.” नियम बरोबरच आहे, दुधात साखर असतेच. पण हे आदल्या दिवशी फोनवर एका वाक्यात सांगता आलं असतं. आठ ते दहा तास फक्त साधं पाणी, बस. गोळीचा चहा नाही, डाएट पेय नाही, बडीशेप नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी सुट्टी टाकली. पावती हातात आली तर त्यावर फक्त ‘शुगर’. इन्सुलिन कुठंय विचारलं, तर चिठ्ठीत दिसलं नाही म्हणे. चिठ्ठीत ठळक लिहिलेलं होतं. नवी पावती, आणखी अर्धा तास. पहिलं रक्त घेतलं. यानंतर 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं आणि दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचं, अशी ही तपासणी. मग एका मुलानं स्टीलच्या ग्लासात ग्लुकोजची पावडर टाकली. चमच्यानं. एक, दोन, तीन, चौथा अर्धा. वरून नळाचं पाणी. पावडर तळाशी तशीच बसलेली.

मी विचारलं, “भाऊ, हे 75 ग्रॅम आहे का?”

“सगळ्यांना एवढंच देतो.”

“वजन केलं का?”

“ताई, रोजचं काम आहे आमचं.”

हात थरथरत होते माझे, भुकेनं आणि रागानंही. या तपासणीचा सगळा अर्थच त्या 75 ग्रॅममध्ये आहे. कमी पोटात गेलं तर आकडा खोटा येणार, आणि त्या खोट्या आकड्यावर माझं औषध ठरणार. वजनकाटा मागितला, नव्हता. मोठ्या साहेबांना बोलवा म्हटलं, ते अकरानंतर येतात. ग्लास तसाच ठेवून मी निघाले. पैसे परत मिळायला चार फोन करावे लागले. त्या दिवशी ग्लास ठेवून उठले याचा मला आजही अभिमान आहे.

तिसऱ्यांदा दुसऱ्या लॅबमध्ये गेले. तिथे 75 ग्रॅमचं सीलबंद पाकीट माझ्यासमोर फोडलं, प्यायला पाच मिनिटं दिली, घड्याळात बघून नळीवर वेळ लिहिली. दोन तासांत फिरायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. आणि आधीचे तीन दिवस पोळी-भात नेहमीसारखा खायचा, उगाच बंद करायचा नाही. मी नेमकी आठवडाभर पोळी सोडून बसले होते, म्हणजे एका अर्थी ती तपासणी लांबली ते बरंच झालं.

उपाशीपोटी ग्लुकोज 92, इन्सुलिन 19, दोन तासांनी ग्लुकोज 156. उपाशीपोटीच्या ग्लुकोज आणि इन्सुलिनचा गुणाकार करून 405 नं भागलं की 4.3 येतात; शरीर इन्सुलिनला किती दाद देतं, याचा हा अंदाज. मॅडम म्हणाल्या, इन्सुलिनला दाद नाही हे स्पष्ट आहे, आणि दोन तासांनंतरचा आकडा 140 च्या वर म्हणजे मधुमेहाच्या आधीची पायरी. नुसती उपाशीपोटी शुगर केली असती तर 92 बघून मी निश्चिंत राहिले असते. पीसीओएस असेल तर दोन तासांची तपासणी मागून घ्या.

बिस्किटांचा पुडा मग नीट वाचला. पहिला घटक मैदा, गोडीला माल्टिटॉल. माल्टिटॉलनं रक्तातली साखर वाढते, खायच्या साखरेपेक्षा कमी, पण वाढते. पोट फुगायचं ते मी पीसीओएसमुळे समजत होते, बिस्किटं थांबवल्यावर चार दिवसांत थांबलं. लेबलवर 951 म्हणजे ॲस्पार्टेम, 955 सुक्रालोज, 965 माल्टिटॉल, एवढे तीन आकडे पाठ ठेवा.

आता गोळ्या नऊवरून दोनवर आल्यात, औषध सुरू आहे, रोज अर्धा तास चालते. गेली पाळी 41 दिवसांनी आली, त्यानंतरची 34. गोळ्या कमी केल्या म्हणून की चालण्यानं की औषधानं, ते मी सांगू शकत नाही, एकदमच सगळं बदललं.

हो, एक राहिलंच. दुसरं रक्त दिल्यावर लगेच खायला काहीतरी पर्समध्ये ठेवा. नागपूरच्या मे महिन्यात बारा तास उपाशी राहून उन्हात बाहेर पडलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. मला आली. लॅबच्या दारातल्या टपरीवाल्या काकूंनी हात धरून बाकावर बसवलं आणि न विचारता पोह्याची प्लेट पुढे केली. तर्री थोडीच घातली, म्हणाल्या, “रिकाम्या पोटी तिखट नको बाई.”