वाघळाचं तेल

गेल्या पावसाळ्यात माझ्या हातांची बोटं सकाळी मिटेनाशी झाली. चहाचा कप दोन्ही हातांच्या ओंजळीत धरावा लागे, कणीक मळणं तर शिक्षाच. डॉक्टरांनी रक्त तपासलं, हातांचा एक्स-रे काढला आणि आमवात असल्याचं सांगितलं. आमवात हा शब्द घरात नवा नव्हता. नवं होतं ते त्यांचं पुढचं वाक्य. "बाहेरचं कुणी आलेलं नाही, काकू. तुमचीच प्रतिकारशक्ती तुमच्या सांध्यांवर चालून गेलीय."

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण आपलीच फौज आपल्या गावावर चालून जाते हे गणित काही मला सुटेना. घरी येऊन आत्तींना, म्हणजे सासूबाईंना, सांगितलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वाघळाचं तेल लाव."

आत्ती ८९ वर्षांच्या. कोल्हापूरच्या जुन्या वळणाच्या बाया बोलतात तशा स्वतःबद्दल 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात. पुण्याची माझी सून नवीन होती तेव्हा स्वयंपाकघरात कोण पुरुषमाणूस आलंय म्हणून वळून बघायची. आत्तींच्या माहेरी, कागलकडं, कुणाचे गुडघे धरले की वाघूळ मारून त्याची चरबी कढवायचे. "माझ्या आज्याची गुडघी त्यानंच सुटली. मी बघितलोय," असं त्या ठामपणे सांगतात. आज्याच्या गुडघ्यांचे रिपोर्ट आता कुठून आणायचे?

वाघळं शोधायला लांब जायचीही गरज नव्हती. आमचं घर रंकाळवेशीच्या बाजूला. मागं एका पडक्या वाड्याचं परडं आहे आणि त्यात एक म्हातारा वड. भाऊबंदकीत वाड्याची केस वर्षानुवर्षं कोर्टात पडून आहे, म्हणून तो वड अजून उभा आहे. न्यायालयाच्या दिरंगाईचे असेही उपकार असतात. त्या वडावर दिवसा शे-सव्वाशे वाघळं लोंबतात, ती फळं खाणारी मोठी जात. तालमीच्या दोरीवर लंगोट वाळत घातल्यासारखी दिसतात. उपमा माझ्या नवऱ्याची आहे, मला दोष देऊ नये. दुपारभर त्यांची जागेवरून कलकल चालते, एकीचा पंख दुसरीला लागला की भांडण. दिवेलागणीला मात्र सगळी गुमान सुटतात. चार-चार फुटांचे पंख सावकाश हलवत, एकामागून एक, पंचगंगेच्या अंगाला. मी गच्चीवरच्या खुर्चीत बोटं शेकत बसते आणि मोजते. ११० च्या पुढं कधी मोजणी जमली नाही. सवयच आहे ती, जुनी मास्तरीण.

२०२० साली शेजारच्या अण्णांनी तो वड तोडायचा अर्ज लिहिला. घरोघरी सह्या मागत फिरले. सगळा रोग यांच्यामुळंच आला असं त्यांचं म्हणणं. तेव्हा सगळेच घाबरलेले होते, मीही होते, पण सही केली नाही. कारण उदात्त नव्हतं. वड गेला असता तर पश्चिमेचं ऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात आलं असतं. अण्णांना एकट्याला तरी कसा दोष द्यायचा? आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंच फळं खाणारी वटवाघळं उंदीर, घुशी आणि कावळ्यांच्या पंगतीला, उपद्रवी प्राण्यांच्या यादीत बसवली होती. पुढं कायदा बदलला, पण अण्णांचं मत बदललं नाही.

तर तेल. रात्री बोटं ठणकायला लागली की झोप येत नाही, मग मी मोबाईलवर वाचत बसते. सुरुवात या तेलापासूनच केली, आत्तींना पुराव्यानिशी खोटं पाडावं असा हेतू. तेलाच्या बाजूनं धड काही सापडलं नाही. सापडलं ते भलतंच.

रशियात सायबेरियातल्या एका गुहेत १९६४ साली एका वटवाघळाच्या हातात, म्हणजे पंखाच्या हाडाला, नंबर घातलेली कडी अडकवली होती. ब्रँट्स बॅट नावाची चिमुकली जात, वजन जेमतेम ७ ग्रॅम. दहा रुपयांचं नाणं त्याहून जड भरेल. २००५ साली तेच वटवाघूळ, तीच कडी घालून, पुन्हा सापडलं. जिवंत. ४१ वर्षांनी!

मी १९६४ चीच. २००५ हे आमच्याकडं महापुराचं वर्ष. त्या वर्षी मला जवळचा चष्मा लागला, दोन दाढा गेल्या आणि पहिल्यांदा कंबर धरली. आणि माझ्याच वयाचा हा सात ग्रॅमचा गडी तिकडं सायबेरियात रात्रभर उडून किडे पकडत होता. त्याच्याहून वजनदार घरातला उंदीर दोन-तीन वर्षांत संपतो.

हे हिशेबात बसत नाही, आणि बसलं नाही की मला चैन पडत नाही. लहान प्राणी लवकर मरतात, मोठे उशिरा, हा साधारण नियम. शरीराच्या मानानं माणूसही बराच जास्त जगतो, त्यामुळं या यादीत आपण वरच्या बाकावर. पण आकाराच्या मानानं आपल्यालाही मागं टाकणारे सस्तन प्राणी शास्त्रज्ञांनी काढले तेव्हा १९ भरले. त्यातला एक आफ्रिकेतला बिनकेसाचा, बिळात राहणारा उंदीर. उरलेली १८ सगळी वटवाघळं.

आपल्याकडं म्हणतात, वात मोठी केली की तेल लवकर संपतं. शास्त्रातही हेच म्हणणारे होते. १९२८ च्या सुमाराला रेमंड पर्ल या अमेरिकी शास्त्रज्ञानं मांडलं होतं की जो जीव जोरात जळतो तो लवकर विझतो. वटवाघळानं हे म्हणणं पार मोडीत काढलं. उडताना लहान वटवाघळाचं काळीज मिनिटाला नऊशेच्या घरात ठोके टाकतं, अंग आपल्याला ताप चढावा तसं तापतं. रोज रात्री. मग वाटलं, थंड देशातली वटवाघळं हिवाळाभर झोपा काढतात, तेवढंच तेल वाचत असेल. ते काही अंशी खरंही आहे. पण आमच्या वडावरच्यांना कुठला हिवाळा? ती बारा महिने उडतात, आणि यांच्या जातीची पिंजऱ्यात तीस वर्षांच्या वर जगल्याची नोंद आहे.

मग गोम कुठं आहे? इथं मी दोन रात्री घालवल्या, आणि मला समजलं ते आत्तींना समजेल अशा भाषेत लिहिते.

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचे धागे असतात. साडीच्या कडेला आपण पिको करून घेतो, नाहीतर सूत निघत जातं. तसा या धाग्यांच्या टोकांना एक पिको असतो, त्याला टेलोमिअर म्हणतात. पेशी दुभंगून नवी झाली की दर वेळी तो थोडा उसवतो. फार उसवला की पेशी म्हातारी होते, काम सोडून बसून राहते. आयर्लंडमधल्या डब्लिनच्या एमा टीलिंग आणि त्यांचे सहकारी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात जुन्या चर्चच्या माळ्यांवर राहणारी वटवाघळं वर्षानुवर्षं पकडतात, पंखाचा कणभर तुकडा घेतात आणि सोडून देतात. २०१८ साली त्यांनी सांगितलं की या जातीत वय वाढलं तरी पिको उसवत नाही. सगळ्या जातींचं असं नाही बरं का, काहींचा आपल्यासारखाच उसवतो. त्यामुळं खरं कोडं नुसत्या पिकोनं सुटत नाही. पण चर्चच्या माळ्यावर वाघळांच्या लेंड्यांत उभं राहून म्हातारपणाचा शोध घ्यायचा, हे मला फार आवडलं.

माझ्या बोटांशी संबंध येतो तो पुढं. उडणं हे महागाचं काम आहे. पेशीतल्या भट्ट्या भडकतात, त्या धगीत डीएनए इथंतिथं तुटतो आणि तुकडे नको त्या जागी सांडतात. आता पेशीचा चौकीदार असा की भलत्या जागी डीएनए दिसला की विषाणूच शिरला असं धरून चालतो आणि हाकाटी करतो. हाकाटी झाली की फौज धावते, सूज येते, त्याला दाह म्हणतात. आपल्या पेठांतल्या फुटबॉल मॅचनंतर कुणीतरी नुसता फटाका लावला तरी दोन्हीकडची पोरं कशी गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहतात, तसं. गोल झालाय का, कुणी मारलंय का, विचारायला वेळ कुणाला? आणि मोडतात कुणाच्या? बिचाऱ्या मधल्या दुकानदाराच्या काचा. माझे सांधे म्हणजे ते दुकान.

वटवाघळाच्या अंगात रोज रात्री असे फटाके फुटतात. प्रत्येक फटाक्याला फौज धावली असती तर ते आठवडाभरात स्वतःच्याच सुजेनं मेलं असतं. म्हणून त्याच्या शरीरानं काय केलं, तर गॅस बारीक केला. बंद नाही केला. स्टिंग नावाचं प्रथिन या हाकाटीत पुढं असतं. २०१८ साली चीनमधल्या संशोधकांनी दाखवलं की वटवाघळांत या प्रथिनाच्या माळेतला एकच मणी बदललेला आहे आणि तेवढ्यानं त्याची हाक मऊ झाली आहे. पुढच्या वर्षी सिंगापूरच्या लिन्फा वांग यांच्या गटानं दाह पेटवणारी दुसरी काडीही यांच्यात ओलसर असल्याचं दाखवलं. काही जातींत तर उलट, विषाणूंवरचा पहारा आजार नसतानाही थोडा थोडा चालूच असतो. म्हणजे चौकीदार जागा आहे, पण ऊठसूट शिट्टी मारत नाही.

उडण्यासाठी केलेली ही सोय दोन ठिकाणी कामी आली असावी असं आता मानतात. एक, निपाहसारखे विषाणू यांच्या अंगात राहतात आणि हे मजेत असतं. माणूस त्याच विषाणूनं मरतो, आणि त्यात आपल्याच फौजेनं घातलेल्या गोंधळाचाही वाटा असतो. दोन, म्हातारपण. माणसात वय वाढेल तसा बारीक दाह अंगात कायमचा मुरतो. क्लाउदिओ फ्रांचेस्की या इटालियन शास्त्रज्ञानं २००० साली त्याला 'इन्फ्लमेजिंग' असं नाव दिलं. सांधे, हृदय, मेंदू, सगळीकडं ही धग पोचते. ज्याचा गॅसच बारीक, त्याचं भांडं करपत नाही.

मी आठवड्यातून एकदा, दर रविवारी, मेथोट्रेक्झेटची पिवळी गोळी घेते. ती हेच करते, फौजेला जरा खाली बसवते. पण ती आंधळेपणानं बसवते, म्हणून दर थोड्या महिन्यांनी रक्त तपासा, लिव्हर तपासा, सर्दीवाल्यांच्या जवळ जाऊ नका. वाघळाला हे सगळं फुकटात मिळालंय. फुकटात म्हणजे कित्येक कोटी वर्षांच्या उमेदवारीनंतर, पण तरी.

यावरून मी वाघळांना कुरवाळायला जाते असं कुणी समजू नये. महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संस्थेला निपाहच्या प्रतिपिंडांच्या खुणा सापडल्या आहेत, आणि केरळनं २०१८ साली त्या रोगाचा तडाखा सोसलाय. परड्यात पडलेला उष्टा पेरू आम्ही उचलत नाही, खाली पडलेल्या पिल्लाला हात लावत नाही. ती वडावर, आम्ही गच्चीवर. मध्ये एवढी हवा असलेली बरी.

एक गोष्ट मात्र शास्त्रज्ञांच्या नजरेतून सुटली आहे, ती म्हणजे आत्ती. २०१९ च्या पुरात पाणी दुधाळीपर्यंत चढलं. आमच्या गल्लीत धावपळ, गाद्या वरच्या मजल्यावर, गॅस सिलिंडर जिन्यात, मी रडकुंडीला आलेली. आत्ती पायरीवर बसून पाणी कुठवर आलंय ते बघत होत्या. "पाच पायऱ्या हायत की अजून. च्या टाक," म्हणाल्या. पाणी तिसऱ्या पायरीवरून परत गेलं. सासरे गेले तेव्हाही त्या एकदाच मोकळेपणी रडल्या आणि दुसऱ्या दिवशी आल्यागेल्यांची जेवणं बघू लागल्या. त्यांना कधी राग येत नाही असं मुळीच नाही, मला लग्नानंतर दहा वर्षं त्याचा अनुभव आहे. पण तो येतो आणि जातो, मुक्कामाला राहत नाही. माझा राहतो. अण्णांच्या त्या अर्जावर मी अजून मनात उत्तरं देत असते. याचा आणि सांध्यांचा संबंध आहे असं मी म्हणणार नाही, डॉक्टर हसतील. आत्तींच्या रक्ताचा नमुना सिंगापूरला पाठवावा असं मात्र अधूनमधून वाटतं.

परवा संध्याकाळी त्या माझ्याबरोबर गच्चीवर आल्या. जिना त्या माझ्याआधी चढल्या, हेही नोंदवून ठेवते. वाघळं सुटायला लागली होती. "काय बघालीस एवढं?" त्यांनी विचारलं. मग मी त्यांना सगळं सांगितलं. सायबेरियाचं वाघूळ, साडीचा पिको, फुटबॉलची पोरं, बारीक गॅस. वाघळातल्या या युक्तीवरून माणसाच्या सांध्यांवर औषध काढता येईल का, हे शोधायला मोठमोठी माणसं लागली आहेत, हेही सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटची दोन-चार वाघळं नदीकडं गेली, वडावर नुसता पानांचा काळोख राहिला.

"म्हंजे औषध वाघळातच हाय," आत्ती म्हणाल्या.

"तसंच काही नाही हो, पण..."

"मग मी येवढं वरीस काय सांगालोय?"

आणि माझा हात धरून त्यांनी मला खुर्चीतून उठवलं.