पाठ ४२ सेंटिमीटरची, बॅग ४९ सेंटिमीटरची

गेल्या दिवाळीत मी कॅमेऱ्यासाठी पाठीवरची नवी बॅग घेतली आणि ती खऱ्या अर्थाने वापरता यायला जानेवारीचा तिसरा आठवडा उजाडला. मधल्या काळात बॅगेत काहीही बिघडलेले नव्हते. चेन चालत होत्या, शिवण पक्की होती, कापड उत्तम होते. ती फक्त माझ्या पाठीला होत नव्हती, आणि ही तक्रार नोंदवायला कंपनीच्या अर्जात जागाच नव्हती. पुण्याच्या आसपास पक्षी टिपण्याचा सगळ्यात चांगला हंगाम त्यात हातचा गेला, याचा राग अजून उतरलेला नाही. तरी ज्यांना कॅमेरा घेऊन दिवसभर चालायचे असते त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी वजनाचा हिशेब सांगते. माझ्याकडे निकॉन डी७५०० आहे. बॅटरी आणि कार्डासह तो ७२० ग्रॅम भरतो. पक्ष्यांसाठीची २००-५०० मिलिमीटरची लेन्स २,३०० ग्रॅमची आणि किल्ल्यांवर वापरायची १८-१४० मिलिमीटरची ४९० ग्रॅमची, म्हणजे एवढ्यातच साडेतीन किलो झाले. त्यात पावणेदोन किलोचा ट्रायपॉड, दोन लिटर पाणी, डबा, जर्किन आणि रिकामी असतानाही दोन किलोंच्या वर जाणारी बॅग धरली की दहा किलो होतात. पूर्वी मी कॅमेरा गळ्यात आणि बाकीचे सामान एका खांद्याच्या झोळीत घेऊन फिरत असे. दोन वर्षांत उजव्या हाताच्या करंगळीला आणि अनामिकेला मुंग्या येऊ लागल्या, तेव्हा फिजिओथेरपिस्ट बाईंनी मानेवरचा आणि एका खांद्यावरचा भार ताबडतोब बंद करायला सांगितला. म्हणून कंबरपट्टा असलेली चांगली बॅग घेतली. दुकानात ती कागदाचे बोळे भरलेल्या अवस्थेत पाठीवर चढवून आरशात पाहिली आणि पैसे दिले.

पहिले दोन आठवडे घराजवळच्या तासाभराच्या फेऱ्यांमध्ये काही जाणवले नाही. नोव्हेंबरमध्ये राजगडाला गुंजवण्याच्या बाजूने चढायला घेतले, तेव्हा पहिल्या अर्ध्या तासातच कंबरपट्टा कमरेच्या हाडावरून खाली सरकून मागे लोंबू लागला. पट्टा जितका आवळावा तितका तो खाली जाई आणि दहाच्या दहा किलो खांद्यांवर येत. चोर दरवाज्याखालच्या खडकात रेलिंगला दोन्ही हातांनी धरून चढावे लागते, तिथे आणखी एक चूक उघडी पडली. कॅमेऱ्याचा तिरका पट्टा मी आधी गळ्यात घातला होता आणि त्यावर बॅग चढवली होती, त्यामुळे बॅग उतरवल्याशिवाय कॅमेरा काढता येईना आणि त्या अरुंद जागी बॅग उतरवता येईना. लेन्सच्या तोंडावरचे संरक्षक नळकांडे, म्हणजे हूड, दोनदा खडकावर आपटले. बॅग आधी आणि कॅमेऱ्याचा पट्टा तिच्यावरून, हा क्रम कधीही उलटा करू नये. आणि जिथे हात टेकून चढायचे आहे तिथे पोहोचण्यापूर्वीच कॅमेरा आत टाकावा. पद्मावती माचीवर पोहोचले तेव्हा दोन बोटांची संवेदना जवळजवळ गेली होती. सुवेळा माचीकडे न जाता मी तळ्याकाठी बसून राहिले.

घरी आल्यावर मुलीने माझी पाठ मोजली. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी जो मणका सर्वांत वर येतो तिथे टेपचे एक टोक धरायचे; दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेवर ठेवून अंगठे मागे वळवायचे आणि त्या अंगठ्यांना जोडणाऱ्या रेषेपर्यंत टेप पाठीच्या वळणाबरोबर खाली आणायचा. माझे माप ४२ सेंटिमीटर आले. बॅगेचे खांद्याचे पट्टे जिथून निघतात तिथपासून कंबरपट्ट्याच्या मध्यापर्यंत मोजले तर ४९. ट्रेकिंगच्या मोठ्या सॅका पाठीच्या निरनिराळ्या मापांत मिळतात, काहींची पाठ वरखाली करता येते. कॅमेऱ्याच्या बॅगा मात्र बहुतेक एकाच मापात येतात आणि आत किती लेन्स मावतात तेवढेच त्यांच्यावर छापलेले असते. माझ्यासारख्या पाच फूट एक इंच उंचीच्या बाईने हे माप विचारल्याशिवाय बॅग घेऊच नये.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेले. बदलून देण्याची मुदत सात दिवसांची होती आणि ती संपली होती, हे मला मान्य आहे. दुकानदाराने कंपनीकडे अर्ज करायला सांगितले, कारण बॅगेला अनेक वर्षांची हमी होती. त्या रात्री अर्ज भरायला बसले. खरेदीची तारीख, बिलाचा फोटो, आतल्या शिवणीतल्या पट्टीवरचा क्रमांक हे सगळे भरून झाल्यावर ‘दोषाचे स्वरूप’ असा रकाना आला. त्यात चेन, बकल, शिवण, कापड आणि इतर असे पाच पर्याय होते. मी ‘इतर’ निवडून कंबरपट्टा ७ सेंटिमीटर खाली बसतो असे लिहिले, पण दोषाचा फोटो जोडल्याशिवाय अर्ज पुढे जाईना. न बसणाऱ्या पट्ट्याचा फोटो बॅग पाठीवर असतानाच काढता येतो, म्हणून मुलीने टेप लावून माझ्या पाठीचा फोटो काढला. चार दिवसांनी उत्तर आले, की फोटोत व्यक्ती नको, केवळ उत्पादन दिसावे.

फोन केला. पलीकडची कंपनीची मुलगी नम्रपणे म्हणाली, “मॅडम, बॅग सेंटरला जमा करा, ते बघून ठरवतील.” शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या त्या सेंटरमध्ये बॅग नेऊन दिली, पावती घेतली आणि वाट पाहू लागले. दहा कामाचे दिवस सांगितले होते. अकराव्या दिवशी फोन केला तर बॅग तपासणीसाठी बाहेरगावी गेली होती. पंधराव्या दिवशी पावती क्रमांक चुकीचा निघाला आणि पुन्हा सांगावा लागला. डिसेंबरचे तीन रविवार असे गेले. त्यातल्या एका रविवारी आमच्या गटाला सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तक या पक्ष्याचा पांढरा नर पाण्यावर उतरताना मिळाला, आणि मी घरी होते, कारण झोळी खांद्याला लावायची नाही हे मी ठरवले होते. तेविसाव्या दिवशी बॅग परत मिळाली. सोबतच्या कागदावर एकच ओळ होती: ‘दोष आढळला नाही.’

त्या ओळीने मला जितके चिडवले तितके राजगडाच्या चढानेही दमवले नव्हते. तपासणाऱ्याने आपल्या परीने खरेच लिहिले असेल. परंतु भार वाहण्यासाठी बनवलेल्या वस्तूचा भार वाहणाऱ्याच्या शरीराशी काय संबंध आहे, हे एकानेही विचारले नाही; बॅग पाठीवर चढवून दाखवा असे त्या सेंटरमधले कोणीही म्हणाले नाही.

काम झाले ते रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला बॅगांची दुरुस्ती करणाऱ्या एका गृहस्थांकडे. मी सगळे सामान भरूनच बॅग नेली होती. त्यांनी ती माझ्या पाठीवर चढवायला लावली, दोन पावले मागे होऊन पाहिले आणि म्हणाले, “ताई, ही उंच माणसाच्या मापाची आहे. पट्टा तीन बोटं वर घेऊ.” खडूने खूण केली, बॅग रिकामी करवून घेतली, ब्लेडने जुनी शिवण उसवली आणि नवा पट्टा जिथे बसणार तिथे पाठीच्या आडव्या रुंदीभर नायलॉनची दुहेरी पट्टी आधी शिवून घेतली, म्हणजे ओढ एका जागी न येता सबंध पाठीवर वाटली जाईल. मग कंबरपट्ट्याची दोन्ही टोके तिच्यावर ठेवून प्रत्येकी एक चौकोन शिवला आणि त्या चौकोनात फुली मारली. फोम जाड होता तिथे मोटर बंद करून त्यांनी मशीनचे चाक हाताने फिरवले, एकेक टाका मोजून. दीड तास लागला, साडेतीनशे रुपये झाले आणि पट्टा ६ सेंटिमीटर वर आला. यामुळे कंपनीची हमी संपते, हे जाणून मी ते करून घेतले.

माझ्या बॅगेची चेन पुढच्या बाजूने उघडते, म्हणून हे शक्य झाले. ज्यांची बॅग पाठीच्या बाजूने उघडते त्यांच्यात पट्टा लावायची ती जागाच झडपेची असते; तिथे असे शिवता येणार नाही. त्यांनी पाठ वरखाली होणारी साधी ट्रेकिंगची सॅक घ्यावी आणि कॅमेऱ्यासाठी गादीचा वेगळा डबा आत बसवावा. आज नव्याने घ्यायची झाली तर मीही तेच करीन.

बॅग बसती झाली तरी ती रोज नीट बांधावी लागते. सगळे पट्टे सैल करून बॅग चढवायची, कंबरपट्ट्याचा मध्य कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर आणून तो आधी आवळायचा, मग खांद्याचे पट्टे अंगाला लागतील इतपत ओढायचे, मग खांद्यावरच्या छोट्या पट्ट्यांनी बॅगेचे डोके पाठीकडे आणायचे आणि छातीचा आडवा पट्टा सर्वांत शेवटी, तोही सैलसर. स्त्रियांनी तो वरखाली सरकवता येतो की नाही हे दुकानातच पाहावे. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज शिरले म्हणजे वजन कमरेवर गेले असे समजावे. मोठी लेन्स आत उभी आणि पाठीला चिकटून ठेवते. पूर्वी ती बाहेरच्या बाजूला असे आणि मागे खेचत राही. पाण्याच्या दोन बाटल्या दोन बाजूंना ठेवून आलटून पालटून पिते, नाहीतर दुपारपर्यंत बॅग एका अंगाला कलते. ट्रायपॉडऐवजी बहुतेक वेळा एका पायाचा मोनोपॉड नेते. त्याने किलोभर वजन वाचले.

मोठी लेन्स लावलेली असताना तिरका पट्टा कॅमेऱ्याच्या कड्यांना न लावता लेन्सच्या पायाला, म्हणजे ट्रायपॉडवर बसवण्यासाठी तिच्याखाली असलेल्या पट्टीला, स्क्रूने लावावा, म्हणजे लेन्सचा भार कॅमेऱ्याच्या माउंटवर, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कड्यावर, येत नाही. तो स्क्रू चालताना सैल होतो. दर थांब्यावर बोटाने पाहायची सवय ठेवावी.

जानेवारीत पुन्हा राजगडाला गेले, या वेळी पाली दरवाज्याने, कारण ती वाट सोपी आहे आणि मला चढाची नव्हे, बॅगेची परीक्षा घ्यायची होती. साडेआठ तास बॅग पाठीवर होती, संजीवनी माचीच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि बोटांना मुंग्या आल्या नाहीत. उतरताना पायथ्याशी बॅग खाली ठेवली तेव्हा कंबरपट्ट्याच्या दोन्ही बाजूंना घामाचे डाग होते आणि खांद्याचे पट्टे कोरडे होते. ते पाहून मला फार समाधान वाटले.

एक सांगायचे राहिले. बॅग कुठल्याही सेंटरला देताना तिच्या तळाच्या कप्प्यातले पावसाळी आवरण आधी काढून घ्यावे आणि आत काय काय आहे ते पावतीवर लिहून घ्यावे. माझे आवरण परत आले नाही, आणि पावतीवर त्याचा उल्लेख नसल्याने मला ते मागताही आले नाही.