विजयदुर्ग ते कुंभारजुवे : संथ होडीचा बेत

कोल्हापुरात पाण्याला तोटा नाही, पण होडीतून लांब कुठे जावं म्हटलं तर वाट सापडत नाही. पाऊस सरला की बंधाऱ्यांत बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घालतात आणि पंचगंगेचे तुकडे पडतात. ते शेतीला हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. शिवाय आमची नदी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळून पूर्वेकडे निघून जाते, आणि समुद्र तर गगनबावड्याच्या खाली, पश्चिमेला. म्हणून आम्ही मित्रांनी ठरवलं, घाट उतरून खालूनच सुरुवात करायची. विजयदुर्गातून किनाऱ्याकिनाऱ्याने गोव्यातल्या अग्वादपर्यंत, तिथून मांडवी नदीत शिरून कुंभारजुव्याच्या कालव्यातून थेट झुआरी नदी. सगळं संथ मोटारहोडीने. त्याआधी वाट डोळ्यांखालून घालावी म्हणून नुकतेच जाऊन आलो.

गगनबावड्याहून खाली दोन घाट उतरतात, करूळ आणि भुईबावडा. आम्ही मुद्दाम भुईबावडा धरला, कारण तो खारेपाटणाकडे नेतो. खारेपाटण म्हणजे वाघोटण खाडीत पार आतवर वसलेलं जुनं बंदर. इथे सापडलेला शिलाहारांचा ताम्रपट १००८ सालचा आहे. घाटावरचा माल इथपर्यंत उतरायचा आणि पुढे पाण्याने जायचा. आज तिथे उभं राहिलं की खाडी गाळाने किती भरलीय ते दिसतं. मोठं गलबत आता इथवर येणं नाही. तरी मला ते ठिकाण फार मोलाचं वाटलं. समुद्राशी कोल्हापूरचं नातं काही सुट्टीत मालवणला जाण्यापासून सुरू झालेलं नाही. खुद्द विजयदुर्गही पन्हाळ्याच्या शिलाहार राजा भोजाने बांधला असं मानतात.

विजयदुर्गच्या जेटीवर एक वयस्क तांडेल, म्हणजे होडी चालवणारे प्रमुख, जाळं विणत बसले होते. त्यांना सगळा बेत सांगितला. त्यांनी आधी विचारलं, "होडी केवढी? इंजिन कितीचा?" मग म्हणाले, "दुपारचो वारो सुटलो काय दर्या उठता. सकाळी लवकर निघा आणि अकराच्या आत बंदर धरा." आमच्या नियोजनाचा गाभा या एका वाक्यात आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, किनाऱ्यालगतचं पाणी शांत असतं. ऊन चढलं की वारा उलटतो, वायव्येकडून जोर धरतो आणि लहान होडीला हैराण करतो. म्हणून रोजचा टप्पा सकाळीच संपवायचा.

टप्पे असे निघाले : विजयदुर्ग ते देवगड सुमारे ११ सागरी मैल, देवगड ते मालवण २०, मालवण ते वेंगुर्ला १५, वेंगुर्ला ते अग्वाद २४. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. २५ फुटी होडी ताशी साडेपाच सागरी मैलांनी आरामात चालते. जास्त इंजिन लावून फायदा नाही, कारण अशा होडीच्या वेगाला तिच्या लांबीनेच मर्यादा येते. पाण्यातल्या लांबीचं (फुटांत) वर्गमूळ काढून १.३४ ने गुणा, २५ फुटांना ताशी ६.७ सागरी मैल येतात. त्यापुढे नुसतं डिझेल जळतं, होडी आपल्याच लाटेवर चढायला बघते. टाकीचा हिशेब तिसऱ्या हिश्शाने करायचा : एक हिस्सा जायला, एक परतायला, एक राखीव.

इंजिनाचं बघायला उद्यमनगरातले आमचे दादा बरोबर होते. त्यांचं सगळं आयुष्य शेतीपंपाच्या डिझेल इंजिनांत गेलं. जेटीला लागलेल्या एका होडीचा खाऱ्या पाण्याचा पंप त्यांनी मालकाला विचारून उघडला. आतला रबरी इम्पेलर (पाणी ढकलणारं पाकळ्यांचं चाक) बाहेर काढला, तर दोन पाकळ्या मुळाशी तडकलेल्या आणि कडेला मिठाचा पांढरा थर. "हे समुद्रात तुटलं की पाच मिनिटांत इंजिन तापणार," दादा म्हणाले. सामानाच्या यादीत त्यांनी पहिलंच लिहिलं : दोन जादा इम्पेलर, पट्टा, डिझेल फिल्टर.

आता भरतीचं. कोकणात जुना ठोकताळा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. दशमीला साडेसात, द्वादशीला नऊ, त्रयोदशीला पावणेदहा. गावागणिक थोडा फरक पडतो, म्हणून छापील तक्ता जवळ हवाच. पण बेत आखायला पंचांग उत्तम. आम्ही दशमीला निघायचं ठरवलं, कारण तसं केलं तर अग्वादचा टप्पा त्रयोदशीला येतो. पहाटे सहाला वेंगुर्ला सोडलं की साडेदहाच्या सुमारास मांडवीचं मुख, आणि भरती नुकतीच भरून गेलेली. त्या मुखाशी वाळूचा दांडा आहे, तो ओलांडायला अंगाखाली पाणी हवं. पावसाळ्यात खनिजाच्या बार्जी (सपाट मालवाहू बोटी) सुद्धा हा दांडा टाळून कुंभारजुव्याच्या कालव्याने झुआरीत जात असत.

मालवणला खडकांची भीती वेगळी. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली कातळ पसरलेत, तिथे स्थानिक माणूस घेतल्याशिवाय शिरायचं नाही. वेंगुर्ल्याच्या अलीकडे समुद्रातले दीपगृहाचे खडक बाहेर ठेवायचे की आत, हेही मालवणातच विचारून ठरवायचं.

कालव्याची मात्र मला सर्वांत जास्त ओढ आहे. कुंभारजुव्याचा कालवा माणसाने खणलेला नाही. मांडवी आणि झुआरीला जोडणारी ती नैसर्गिक खाडी आहे. बाणस्तारीच्या पुलाखालून जाते, दोन्ही काठांना कांदळवन, आणि चिखलावर मगरी ऊन खात पडलेल्या. दोन्ही तोंडांतून भरती आत शिरते, त्यामुळे पाण्याची ओढ कुणीकडे आहे ते बघूनच इंजिनाचा वेग ठरवायचा. इथे साडेपाचही जास्त होतील, तीन मैलांनी जाऊ.

महिना मार्गशीर्ष किंवा पौष. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात समुद्राचं नावच नको. आणि कार्तिकातही नको, कारण २००९ च्या नोव्हेंबरातलं फयान वादळ विजयदुर्गला अजून कुणी विसरलेलं नाही.

होडी भाड्याने तांडेलासकट घ्यायची, म्हणजे नोंदणी आणि परवाने त्यांच्याकडचेच. गोव्याच्या हद्दीत शिरताना तिथल्या बंदर कप्तानाच्या कार्यालयात आधी कळवायचं, सागरी पोलिसांसाठी सगळ्यांची ओळखपत्रं हाताशी. तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आणि होडीच्या फळीवर रंगाने लिहिलेला. लाइफ जॅकेट अंगावरच, बसायला गादी म्हणून नाही. आमच्यातल्या दोघांना पोहता येत नाही. तोवर ते रोज सकाळी पोहायच्या तलावावर जाणार आहेत, आणि शिकले तरच होडीत बसणार.